विषाचा हिशेब कोणी द्यायचा? हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 17 वर भाष्य

आधी पाठ. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 याच्या कलम 17 ला तीन पोटकलमे आहेत. मूळ इंग्रजी पाठाचा आशय मराठीत असा:

(1) अनुसूची 1 मधील कोणत्याही अधिनियमाखाली येणारी कृती, कामकाज किंवा प्रक्रिया यांतील अपघातामुळे किंवा त्यांच्या प्रतिकूल परिणामामुळे (कामगार सोडून) कोणाही व्यक्तीचा मृत्यू झाला, तिला इजा झाली, किंवा मालमत्तेची वा पर्यावरणाची हानी झाली, तर जबाबदार व्यक्तीने न्यायाधिकरण ठरवील ते साहाय्य किंवा ती भरपाई, अनुसूची 2 मधील सर्व किंवा कोणत्याही शीर्षांखाली, दिलीच पाहिजे.

(2) असा मृत्यू, इजा किंवा हानी एकाच कृतीच्या माथी मारता येत नसेल आणि ती अनेक कृतींचा एकत्रित परिणाम असेल, तर न्यायाधिकरण त्या सर्वांना जबाबदार असलेल्यांमध्ये दायित्वाची न्याय्य वाटणी करू शकेल.

(3) अपघाताच्या बाबतीत न्यायाधिकरण विनादोष तत्त्व लागू करील.

हा कायदा 18 ऑक्टोबर 2010 पासून अमलात आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातली प्रकरणे न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पश्चिम पीठापुढे चालतात.

शब्दांत शिरण्यापूर्वी कलमाची रचना पाहा. विषारी रसायनाने गाव नासले की कारखान्याकडून तीन उत्तरे येतात. ‘हे आमच्यामुळे झालेले नाही.’ ‘एकट्या आमच्यामुळे झालेले नाही.’ ‘झाले असेल, पण आमची चूक नव्हती.’ पहिले पोटकलम पहिल्या उत्तराला कसोटी लावते, दुसरे दुसऱ्याची वाट अडवते आणि तिसरे तिसरे उत्तर निकालात काढते. हा क्रम ध्यानात ठेवला तर पुढचा प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसेल.

पहिले पोटकलम

‘अनुसूची 1 मधील कोणत्याही अधिनियमाखाली येणारी’

कलमाचे दार येथे आहे. अनुसूचीत सात कायदे आहेत. त्यांत 1974 चा जल प्रदूषण कायदा, 1981 चा वायू प्रदूषण कायदा, 1986 चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आणि 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा हे आपल्या विषयाचे. कोणते कायदे नाहीत, तेही पाहा. कारखाने अधिनियम, 1948 नाही. कीटकनाशक अधिनियम, 1968 नाही. ग्राहक संरक्षण कायदा नाही.

याचा अर्थ काय होतो ते यवतमाळात दिसले. 2017 च्या खरिपात तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर उडालेले औषध हा प्रथमदर्शनी कीटकनाशक कायद्याचा विषय. म्हणजे कलम 17 चे दार त्याच्यासाठी सहज उघडत नाही. काही बाधित कुटुंबे दाद मागायला थेट स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत गेली. तेथील कंपनीने आपल्या उत्पादनाचा संबंध नाकारला.

मग घरात येणाऱ्या वस्तूंतील विषाला हे कलम लागूच नाही का? येथे दोन वाचने आहेत. पहिले वाचन सांगते की कलमाला कृती, कामकाज, प्रक्रिया हवी. दुकानातून आणलेला डबा ही वस्तू आहे. तिच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण आहे. दुसरे वाचन सांगते की वस्तू ज्या नियमाखाली बनते तो नियम कोणत्या कायद्यातून आला ते तपासा. घरगुती रंगांतील शिशाचे उदाहरण घे. शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा 2016 चा नियम पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली केलेला आहे, आणि तो कायदा अनुसूचीत आहे. शिवाय हरित न्यायाधिकरण अधिनियमात घातक पदार्थ ‘हाताळणे’ याच्या व्याख्येत उत्पादन, साठवण, वाहतूक यांबरोबर विक्रीस ठेवणेही येते. म्हणजे शिसे घालून रंग बनवणे आणि तो विकायला मांडणे ही या अधिनियमाच्या भाषेत ‘कृती’ ठरू शकते. मला दुसरे वाचन सयुक्तिक वाटते. मात्र ते प्रत्येक वस्तूला चालणार नाही. त्या वस्तूचा नियम अनुसूचीतल्या कायद्यापर्यंत पोहोचतो, हे दाखवण्याचे काम अर्जदाराचे.

‘कृती, कामकाज किंवा प्रक्रिया’

तीन शब्द का? कोणी म्हणू नये की कारखाना तर बंद होता. 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि वेंकटापुरम परिसरात 12 माणसे गेली. टाळेबंदीमुळे उत्पादन थांबलेले होते, पण टाकीत स्टायरीन भरलेले होते. साठवण हीदेखील कृतीच. दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकरणाने कंपनीला 50 कोटी रुपये जमा करायला सांगितले. कोणाच्या अर्जाची वाट न पाहता न्यायाधिकरण असे प्रकरण हाती घेऊ शकते का, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रकरणात ऑक्टोबर 2021 मध्ये निकाल लागला की घेऊ शकते.

‘अपघातामुळे किंवा प्रतिकूल परिणामामुळे’

या ओळीचा सारा भार ‘किंवा’ या शब्दावर आहे. ‘अपघात’ म्हणजे काय ते व्याख्येने सांगितले आहे: घातक पदार्थ, उपकरण, संयंत्र किंवा वाहन हाताळताना घडलेली आकस्मिक, अचानक किंवा अनपेक्षित घटना, जिच्यामुळे सतत, अधूनमधून किंवा वारंवार संसर्ग होऊन मृत्यू, इजा किंवा हानी होते. केवळ युद्ध किंवा नागरी अशांतता यांमुळे घडलेला अपघात तेवढा वगळला आहे.

या व्याख्येतून दोन गोष्टी निघतात. एक, नैसर्गिक आपत्ती वगळलेली नाही. म्हणजे पुराच्या पाण्यात रसायनाचे पिंप वाहून गेले, तर ‘पूर आला, आम्ही काय करणार’ हे म्हणणे कंपनीला व्याख्येबाहेर नेत नाही. दोन, घटना क्षणाची असली तरी संसर्ग वर्षांचा असू शकतो.

आता ‘प्रतिकूल परिणाम’ पाहा. येथे घटनेचीच गरज नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाची हकीकत या दोन शब्दांचा अर्थ सांगते. तेथील कारखान्यांत एच-ॲसिड थोडाच काळ बनले. पण त्यातून निघालेला गाळ उघड्यावर पडून राहिला, पावसाने झिरपला आणि विहिरींचे पाणी काळपट तपकिरी झाले. ते ना माणसाच्या उपयोगाचे राहिले, ना गुरांच्या, ना शेताच्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 चा, म्हणजे या अधिनियमाच्या आधीचा. पण ‘प्रतिकूल परिणाम’ हे शब्द संसदेला का लागले असतील, ते बिछडीच्या विहिरीवर उभे राहिल्यावर कळते. उत्पादन थांबले म्हणून परिणाम थांबत नाही.

‘कामगार सोडून कोणाही व्यक्तीचा’

‘कोणाही’ म्हणजे नागरिक, परदेशी, मालक, भाडेकरू, बालक, सगळे. मग कामगार का वगळला? त्याच्यासाठी 1923 पासून वेगळ्या कायद्याची वाट आहे आणि त्याची व्याख्या येथे तिथूनच घेतली आहे. एकाच इजेची भरपाई दोन ठिकाणी होऊ नये, हा हेतू. परंतु ती वाट अरुंद आहे. तेथे रक्कम वेतनाच्या हिशेबाने ठरते, आणि कंत्राटी कामगाराला आपण कोणाचे कामगार हेच आधी सिद्ध करावे लागते. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातील पाऱ्याचा प्रश्न या जागी आठव. कारखाना 2001 मध्ये बंद झाला. माजी कामगारांशी तडजोड व्हायला 2016 उजाडले.

म्हणून हा अपवाद किती ताणायचा, हे नीट ठरवले पाहिजे. एक वाचन: कामगार हा दर्जाच वगळलेला आहे, म्हणजे तो माणूस कुठेही, कशानेही आजारी पडला तरी कलमाबाहेर. दुसरे वाचन: तो कामावर असताना, कामामुळे झालेली इजा तेवढी वगळलेली आहे. अपवादाचा हेतू दुहेरी भरपाई टाळणे हा असेल, तर दुसरे वाचन खरे धरावे लागते. कामगार घरी येऊन वस्तीच्या बोअरचे पाणी पितो तेव्हा तो शेजाऱ्यासारखाच ‘कोणीही व्यक्ती’ असतो. आणि त्याची बायको? ॲस्बेस्टॉसची धूळ बसलेला डगला ती मोरीत झटकते, हाताने धुते, आणि तीच धूळ तिच्या छातीत जाते. ती कोणाचीही कामगार नाही. अपवाद तिला शिवतही नाही.

‘मालमत्तेची वा पर्यावरणाची हानी’

माणूस दगावला नाही, कोणाचे शेत बुडाले नाही, तरी खाडी मेली तर हानी झालीच. पर्यावरण येथे स्वतंत्रपणे मोजले आहे.

‘जबाबदार व्यक्ती’

‘व्यक्ती’ची व्याख्या आहे, तिच्यात कंपनी, भागीदारी संस्था, विश्वस्त, स्थानिक प्राधिकरण, सगळे येतात. म्हणजे नगरपालिकाही सुटत नाही. ‘जबाबदार’ची व्याख्या मात्र नाही. ही उणीव की मोकळीक? मोकळीक, असे मी म्हणतो. नावावर परवाना कोणाचा एवढेच पाहिले तर कंपनी दिवाळखोरीत काढून जबाबदारी झटकता येते.

इटलीतील त्रिसिनो येथील मितेनी कारखान्याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यास. तेथे पीएफएएस वर्गातील, निसर्गात सहज न विघटणारी रसायने बनत. व्हेनेतो भागातील भूजल त्यांनी दूषित झाले. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोर झाली. पण जून 2025 मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून तुरुंगवास सुनावला. हा पहिल्या पायरीचा निकाल आहे. तरी संस्था बुडाली म्हणून निर्णय घेणारी माणसे अदृश्य होत नाहीत, हे त्याने सांगितले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली. म्हणून हा धडा मराठी अभ्यासकाने परदेशी म्हणून बाजूला ठेवू नये.

‘सर्व किंवा कोणत्याही शीर्षांखाली’

अनुसूची 2 मध्ये चौदा शीर्षे आहेत. मृत्यू, आजार, बुडालेला रोजगार, औषधोपचाराचा खर्च ही ओळखीची. पण दुभती आणि ओढकामाची जनावरे, पाण्यातील जीव, पिके, भाजीपाला, झाडे, फळबागा, माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च हीदेखील आहेत. शेवटचे शीर्ष घातक पदार्थांच्या हाताळणीशी संबंधित ‘इतर कोणताही दावा’ असे आहे. म्हणजे यादी बंद नाही. अर्ज लिहिताना पुष्कळ जण आजारपणावर थांबतात. म्हैस आटली, आंब्याचा मोहर गळाला, मासळी मिळेना, या गोष्टीही शीर्षासह मांडायच्या असतात.

‘न्यायाधिकरण ठरवील ते’

किती? येथे दोन विचारधारा भेटतात. डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्यावरील एम. सी. मेहता प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने 20 डिसेंबर 1986 रोजी म्हटले की भरपाई उद्योगाच्या आकारमानाशी आणि ऐपतीशी जुळलेली असावी, कारण तिचा धाक वाटला पाहिजे. 2013 मध्ये तुतिकोरिनच्या स्टरलाइट प्रकरणात 100 कोटी रुपये ठरवताना हाच विचार होता. उलट नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रातील एका रसायन कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंपनीचा महसूल आणि पर्यावरणाची हानी यांचा थेट संबंध नाही, आणि उलाढालीवरून लावलेली 25 कोटींची रक्कम रद्द केली.

या दोन विचारधारा एकमेकींना खोडतात का? मला तसे वाटत नाही. याचा अर्थ असा घ्यावा: आधी हानी मोज, मग धाक बसेल एवढी रक्कम ठरवताना ऐपत पाहा. हानी न मोजता नुसत्या ताळेबंदावर बोट ठेवून मागितलेली रक्कम टिकत नाही.

‘दिलीच पाहिजे’

मूळ पाठात आज्ञार्थक क्रियापद आहे. जबाबदारी ठरली की द्यायचे की नाही याला पर्याय नाही. रकमेचा विचार तेवढा उरतो.

दुसरे पोटकलम

‘एकाच कृतीच्या माथी मारता येत नसेल’

औद्योगिक वसाहतीत हेच नेहमीचे. तारापूरचे उदाहरण घे. अनेक कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात जाते आणि तेथून नवापूरच्या बाजूला समुद्रात सुटते. मासळी नासली तर कोणत्या कारखान्याच्या कोणत्या थेंबाने, हे कोळी कसे सांगणार? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद पुण्याच्या पीठापुढे गेली ती हाच प्रश्न घेऊन. एकेकट्याविरुद्ध पुरावा मागितला असता, तर सगळेच सुटले असते. दुसरे पोटकलम म्हणते की एकत्रित परिणाम दाखव, वाटणी आम्ही करू.

‘करू शकेल’

पहिल्या पोटकलमात आज्ञा आहे, येथे मुभा दिसते. मग न्यायाधिकरण वाटणी न करता हात झटकू शकते का? तसे वाचले तर पहिले पोटकलमच निष्फळ होईल. म्हणून योग्य वाचन असे: मुभा वाटणीच्या पद्धतीची आहे, पीडिताला भरपाई मिळण्याच्या हक्काची नाही. एका कारखान्याचाच वाटा प्रचंड असेल, तर सगळे त्याच्यावर टाकण्याची मोकळीकही या शब्दात आहे.

‘न्याय्य वाटणी’

न्याय्य म्हणजे समान नव्हे. दिवसाला टँकरभर आम्लयुक्त पाणी सोडणारा आणि थोडे धुण्याचे पाणी सोडणारा यांना सारखा वाटा लावणे हा अन्यायच. किती सोडले, किती विषारी सोडले, किती काळ सोडले आणि संमतीपत्रातील मर्यादा किती मोडल्या, यांवर वाटा ठरला पाहिजे. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे आणि नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागून घ्यायचे असतात.

तिसरे पोटकलम

‘विनादोष तत्त्व’

म्हणजे कंपनीने काळजी घेतली होती की नाही, हा प्रश्नच विचारायचा नाही. याची मुळे ओलियम निकालात आहेत. 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी नियमात अपवाद होते: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची कृती, पीडिताचीच चूक, त्याची संमती. घटनापीठाने ठरवले की घातक उद्योगाला यांपैकी एकही अपवाद मिळणार नाही. भोपाळची रात्र होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

‘अपघाताच्या बाबतीत’

कलमातील सर्वांत अवघड शब्द हेच. पहिले वाचन: विनादोष तत्त्व केवळ अपघातालाच. म्हणजे सावकाश झिरपणाऱ्या विषाच्या पीडिताला कंपनीची चूक सिद्ध करावी लागेल. कंपन्यांचे वकील हे वाचन मांडतील, आणि शब्दशः पाहता ते निराधार नाही.

पण त्याचा परिणाम तपास. ज्याची टाकी नकळत फुटली तो चूक नसतानाही भरपाई देणार. आणि ज्याने वर्षानुवर्षे जाणूनबुजून ओढ्यात सोडले तो मात्र ‘हा अपघात नाही’ म्हणून चुकीचा पुरावा मागणार. अजाणतेपणाला कडक आणि बुद्धिपुरस्सर कृत्याला नरम, असा कायदा कोणी करणार नाही.

म्हणून दुसरे वाचन. पहिल्या पोटकलमात ‘चूक’ हा शब्दच नाही. तेथे ‘परिणामामुळे झाले’ आणि ‘दिलीच पाहिजे’ एवढेच आहे. कलम 20 तर सांगते की प्रत्येक आदेशात शाश्वत विकास, सावधगिरी आणि प्रदूषण करणाऱ्याने मोजावे ही तत्त्वे लावायचीच. ‘प्रदूषण करणाऱ्याने’ म्हटले आहे, ‘चुकून वा निष्काळजीपणे प्रदूषण करणाऱ्याने’ असे नाही. तेव्हा तिसरे पोटकलम अपघाताबाबत शंका उरू नये म्हणून आहे. प्रतिकूल परिणामाला चुकीची अट जोडण्यासाठी नाही. मी याच वाचनाच्या बाजूचा आहे.

जे कलमाने काढलेले नाही

येथे सावध हो. विनादोष म्हणजे विनापुरावा नव्हे. चूक सिद्ध करायची नाही, पण संबंध सिद्ध करायचा आहे: हेच रसायन, याच कारखान्यातून, याच पाण्यात, याच देहात. कलम 19 ने न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांतून मोकळे केले आहे. त्याने ओझे हलके झाले, उतरले नाही. पहिले उत्तर, ‘हे आमच्यामुळे झालेले नाही’, अजूनही कंपनीच्या हाती आहे, आणि बहुतेक दावे तेथेच हरतात. गावाकडे नमुना नसतो. असला तर बाटलीवर तारीख नसते, जागा नसते, पंचांची सही नसते.

याला मुदतीची जोड दे. कलम 15 प्रमाणे भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करायचा. पुरेसे कारण असेल तर वर साठ दिवस. ‘प्रथम’ म्हणजे विष सांडले तेव्हा, की आजार कळला तेव्हा? सांडले तेव्हा असे धरले, तर वीस वर्षांनी दिसणाऱ्या रोगाचा रोगी दाराबाहेरच राहील. भरपाईचे कारण इजा हे आहे, आणि जी इजा अजून प्रकट झाली नाही तिचे कारण उद्भवले असे म्हणता येत नाही. तरीही वाद मुदतीवर नेऊ देऊ नये. पाणी पहिल्यांदा पिवळे दिसले तो दिवस ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून ठेवावा आणि डॉक्टरांनी निदान लिहिले तो कागद जपून ठेवावा.

आता सगळे कलम पुन्हा एकत्र वाच. ज्याच्या कामातून विष निघाले आणि माणूस, जनावर, शेत, पाणी यांना बाधले, त्याने ते भरून द्यायचे. अनेक असतील तर ज्याचा जेवढा वाटा तेवढे. आणि आपण भले होतो की निष्काळजी, हे त्याने सांगत बसायचे नाही. विष आणि बाधा यांच्यामधला धागा दाखवणे मात्र मागणाऱ्याचे काम. कायद्याने चुकीच्या पुराव्याचे ओझे उतरवले ते एवढ्यासाठी, की आपली सगळी शक्ती हा धागा पक्का करण्यात लागावी.